घड्याळजीने पोरीला लिहिलेलं पत्र

बारा वाजून पाच मिनिटांनी एक मुलगी जिना धावत चढून आली, हातातली चावलेली पेन्सिल टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका माणसाने आपलं मत बदललं होतं. आज सकाळी ते कोणीतरी चोरलं."

भाऊजींनी ब्रेक दाबला.

ब्रेक अर्थातच तिथे नव्हता. तेवीस वर्षं शिकाऊ ड्रायव्हरांच्या शेजारी बसून भाऊजींच्या उजव्या पायाला स्वतंत्र बुद्धी फुटली होती. धोका जाणवला की तो आपोआप जमिनीत रुतायचा. लग्नात, दवाखान्यात, एकदा तर झोपाळ्यावर. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल तळमजल्यावर होतं आणि वहिनींचं गुप्तहेर कार्यालय वर. वहिनी चार वेळा गाडी शिकल्या होत्या, पण भाऊजी त्यांना परीक्षेला पाठवायला तयार नव्हते. म्हणून प्रत्येक तपासाला गाडी घेऊन भाऊजींनाच जावं लागायचं. हा न्याय होता की सूड, याचा निकाल घरात अजून लागला नव्हता.

"बस," वहिनी म्हणाल्या. "मत कोणाचं?"

"घड्याळजीचं. आम्ही त्याला तेच म्हणतो. एका छोट्या गावात घड्याळं दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात राज्य म्हणजे काय, कायदा कोणाचा, माणसाने तो का पाळायचा, यावर लिहायचा."

"घड्याळं चालायची का?" भाऊजींनी विचारलं.

"नाही. म्हणून तर लिहायला वेळ मिळायचा."

मुलगी बसली नाही. खोलीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत ती चालत राहिली आणि चालता चालताच तिने सगळं सांगितलं.

घड्याळजीचं पुस्तक सतराशे एक्कावन्न सालचं. त्यात म्हटलं होतं, की लोकांनी एकदा कायद्याला संमती दिली की ती त्यांच्या पोरांनाही बांधते, नातवंडांनाही. आजोबांनी सही केली, विषय संपला. विद्वान मंडळी दोनशे वर्षं याच पुस्तकावर जगत होती. आणि मग हिला, विद्यापीठाच्या हस्तलिखितांमध्ये, त्याच घड्याळजीने आपल्या मुलीला लिहिलेलं एक पत्र सापडलं.

"'पोरी, मी माझ्या नावाने सही केली,'" मुलगी पाठ म्हणाली. "'तुझ्या नावाने करायचा मला अधिकार नव्हता. तुला कोणी विचारलेलं नाही, तोवर तू बांधलेली नाहीस.' म्हणजे त्याने मत बदललं. माझा अख्खा प्रबंध त्या एका पत्रावर उभा आहे. सात वर्षं. आज तीन वाजता तोंडी परीक्षा आहे आणि बाहेरच्या परीक्षक बाई म्हणतात, मूळ पत्र डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी खुर्चीत बसणार नाही. पत्र नाही म्हटल्यावर त्या काय म्हणतील? मीच बनवलं होतं!"

"शेवटचं कधी पाहिलंस?"

"काल पाच वाजता, वाचनकक्ष बंद होताना. ही माझी चिठ्ठी." तिने चुरगळलेला कागद पुढे केला. खोका अठ्ठावन्न, एकूण कागद दोनशे तेरा, खाली सही. "परीक्षक बाईंना ती ओळ पटकन सापडावी म्हणून मी पत्रासोबत हिरवी पट्टी ठेवली होती. बोटभर बाहेर येणारी, पोपटी हिरवी. आंधळ्यालाही दिसली असती. सकाळी साडेअकराला खोका उघडला तर पाकीट रिकामं! पट्टीसुद्धा नाही. मी ओरडले, 'चोरी, चोरी!' आणि थेट इकडे पळत आले."

"पत्रावर तारीख?"

मुलीने पेन्सिल परत उचलून चावली. "नाही. अठ्ठावन्न साल मी ठरवलं, म्हणून ते त्या खोक्यात. त्या वर्षी त्याचं गावच्या पंचांशी भांडण झालं होतं. तेव्हा मुलगी तेरा वर्षांची. तिथेच सगळे मला अडवतात. त्या गावात अठरावं वर्ष लागलं की कायद्याची शपथ घ्यावी लागायची. तेरा वर्षांच्या पोरीला हे कशाला लिहील, म्हणे."

"उत्तर काय देतेस?"

"तो विक्षिप्त होता, असं."

तिने फोनवर पत्राचा फोटो दाखवला. कक्षातला दिवा मिणमिणता म्हणून तिने तो कागद खिडकीच्या काचेला टेकवून काढला होता. भाऊजींनी चष्मा वर करून पाहिला.

"अक्षर छान आहे. मधोमध हा फिकट डाग बदकासारखा दिसतो."

"काका, माझी सात वर्षं गेलीत!"

भाऊजींनी बदक मागे घेतलं.

*

हस्तलिखितांचा वाचनकक्ष विद्यापीठाच्या तळघरात होता. जाड भिंती, एक उंच खिडकी, चार टेबलं, आणि मागच्या फडताळावर घड्याळजीचे सहासष्ट खोके, प्रत्येकावर एक साल किंवा एक विषय. दारात खुंट्या. पिशव्या, कोट, छत्र्या सगळं बाहेर ठेवायचं. आत फक्त पेन्सिल. बाहेर पडताना बाह्या वर करून दाखवायच्या.

या नियमांमागे एक बारीकशी बाई बसली होती. एकतीस वर्षं ती तिथेच बसत होती. ग्रंथपाल बाई.

"इथून काय गेलं?" वहिनींनी कुजबुजत विचारलं. तिथे कुजबुजतच बोलायचं होतं.

"या खोलीतून एकही कागद बाहेर गेलेला नाही," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"खात्री आहे?"

"मी बाह्या तपासते."

"मग सकाळी कोण कोण आलं?"

बाईंनी चिठ्ठ्यांची चवड पुढे सरकवली. इथली पद्धत अशी होती, की खोका हवा असला तर चिठ्ठी भरायची, नाव, पद, खोका क्रमांक. देताना बाई कागद मोजून आकडा लिहायच्या, परत घेताना पुन्हा मोजून लिहायच्या, आणि वाचकाने खाली सही करायची. एका वेळी एकच खोका. मोजायला वीस मिनिटं, कारण बाई बोट ओलं करत नसत.

"वाचा भाऊजी."

"नऊ दहा, मार्गदर्शक सर, खोका अठ्ठावन्न. देताना दोनशे बारा, घेताना दोनशे बारा. सही." भाऊजींनी जांभई दाबली. "पावणेदहा, संशोधक विद्यार्थी, तोच खोका, दोनशे बारा, दोनशे बारा, सही. दहा वीस, बाह्य परीक्षक, दोनशे बारा, दोनशे बारा, सही. सगळं जुळतंय वहिनी. कंटाळवाणं पण चोख."

"वीस मिनिटं मोजणी, म्हणजे प्रत्येकाला खोका मिळाला किती वेळ?"

"मोजणी आदल्याची परत घेतानाची, तीच पुढच्याची देतानाची," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "पहिली मी आठ वाजता आल्या आल्या करून ठेवते. पाहुणे येणार होते."

वहिनींनी मान डोलावली आणि तिघांनाही खाली बोलावून घेतलं. पत्र हरवलेली संशोधिका तोवर टेबलांमधून येरझाऱ्या घालत होती.

*

पहिले मार्गदर्शक सर. त्यांच्या सहाशे पानांच्या ग्रंथाचा सारांश असा होता, की माणूस एखाद्या रस्त्यावरून चालला म्हणजे त्याने त्या रस्त्याच्या सरकारला संमती दिली. सर आले, बसले, आणि भाऊजींच्या खिशातलं पेन काढून घेतलं.

"अहो, ते माझं—"

"तुम्ही हरकत घेतली नाहीत. मौन ही संमतीच असते."

"मी आत्ता घेतोय ना हरकत!"

"उशिरा." सरांनी पेन स्वतःच्या खिशाला लावलं.

"इथे पेन चालत नाही," ग्रंथपाल बाई लांबून म्हणाल्या. पेन दोघांच्याही हातातून गेलं.

वहिनी थांबल्या नाहीत. "सर, हे पत्र खरं ठरलं तर तुमच्या ग्रंथाचं काय?"

"दुसरी आवृत्ती," सर म्हणाले. मग जरा थांबून, "किंवा अंत्यविधी. पण ती माझी विद्यार्थिनी आहे. प्रबंधावर माझी सही आहे."

"सकाळी पत्र पाहिलंत?"

"पाहिलं की. अगदी व्यवस्थित होतं."

"सोबत आणखी काही?"

"छे. नुसतं पत्र. नेहमीसारखं."

"कोणत्या सालचं असेल, तुमच्या मते?"

"अठ्ठावन्न," सर घाईने म्हणाले. "तिने ठरवलंय ना."

दुसरा होता तळटीप. त्याचं खरं नाव विभागात कोणाला आठवत नव्हतं. अकरा वर्षं तो पीएचडी करत होता आणि पहिल्या प्रकरणाच्या पहिल्या वाक्याखालच्या टिपेत अडकला होता. टीप एकशे चाळीस पानांची झाली होती.

"मी पत्र पाहिलं, अर्थात 'पाहणं' या शब्दाला मर्यादा आहेत," तळटीप नखं कुरतडत म्हणाला. "जागेवर होतं. अर्थात 'जागा' ही कल्पनाही—"

"सोबत काही होतं?"

"काही नाही. याला अपवाद नाही."

"साल?"

"कुठलंच नाही. बनावट आहे! तेरा वर्षांच्या पोरीला असं पत्र कोणी लिहीत नाही. मला तेराव्या वर्षी वडिलांनी फक्त 'केस काप' असं लिहिलं होतं." त्याने संशोधिकेकडे पाहिलं. "माझ्या नंतर आली आणि माझ्या आधी चालली. अर्थात मला त्याचं काही नाही."

तिसऱ्या परीक्षक बाई. सव्वापाचची गाडी होती. दर दोन मिनिटांनी त्या मनगटावरचं घड्याळ बघायच्या, मग भिंतीवरचं, आणि दोन्हींवर अविश्वास दाखवायच्या.

"पाहिलं मी पत्र. वरवर. नीट तीन वाजता पाहणार होते."

"वरवर पाहताना सोबत आणखी काही दिसलं?"

"काही नव्हतं. एकोणपन्नास सालचं आहे ते. पुस्तकाच्याही आधीचं, कच्च्या वयातलं."

"पण एकोणपन्नास साली मुलगी चार वर्षांची," संशोधिका न राहवून म्हणाली.

"ते मुलीला नाहीच लिहिलेलं. 'पोरी' म्हणजे नगरी. तो गावाला उद्देशून बोलतोय."

"गावाला, 'पोरी, थंडीत मोजे घाल' असं शेवटी लिहिलंय," संशोधिका म्हणाली.

"तटबंदी," परीक्षक बाई म्हणाल्या.

भाऊजींचा पाय जमिनीत रुतला आणि तिथेच राहिला.

शेवटी वहिनी ग्रंथपाल बाईंच्या टेबलाशी गेल्या. "आणि तुमच्या मते कोणत्या सालचं?"

बाई पेन्सिलला टोक करत होत्या. त्यांचे हात थांबले. "मी कर्मचारी आहे. मत संशोधकांना असतं."

"बरं. पण तारीख नसलेले कागद तुम्ही लावता तरी कसे?"

"कागदावरून. उजेडात धरला की आत कागद बनवणाऱ्या गिरणीचं चिन्ह दिसतं. पन्नासपर्यंत घंटा. मग किल्ली, ती एकसष्टपर्यंत. बासष्टला मासा. त्रेसष्टला एकच वर्ष बदक. मग गिरणी जळाली, पुढे सगळा परगावचा कागद, त्यावर सिंह."

या वेळी भाऊजी ऐकत नव्हते. पेन परत मिळवण्यासाठी कोणती चिठ्ठी भरायची, हे ते तळटीपला विचारत होते. तळटीप त्यांना 'परत' या शब्दाचा इतिहास सांगत होता.

*

दोन वाजून वीस मिनिटं.

"सगळे खोके उघडू या!" संशोधिका जवळजवळ रडत होती. "इथेच असणार ना? बाहेर गेलंच नाही तर?"

"सहासष्ट खोके, प्रत्येकी वीस मिनिटं," ग्रंथपाल बाई म्हणाल्या. "एका वेळी एक. चाळीस मिनिटांत एक होईल. फार तर दोन."

भाऊजींनी वहिनींना खांबामागे ओढलं. "मला कळलंय. तळटीपने खाल्लं."

"काय खाल्लं?"

"पत्र. बाह्या तपासतात, तोंड कोण तपासतं? नखं संपलीत त्याची, बघितलंत ना? माणूस पुढे कागदावरच येणार."

"भाऊजी, ही माणसं कागद खात नाहीत. ती जाळतही नाहीत, फाडतही नाहीत. चुकीच्या पानावर कोपरा दुमडला तर यांना रात्री झोप येत नाही. म्हणूनच मी प्रत्येकाला साल विचारलं."

"त्याचा काय संबंध?"

"यांच्यातल्या कोणीही पत्र लपवायचं ठरवलं, तरी ते भलत्या ठिकाणी ठेवायला हात धजणार नाही. ते त्याच्या मते बरोबर असलेल्या खोक्यातच ठेवील. चोर कोण हे कळलं की खोका कळतो."

"मग एकोणपन्नास! परीक्षक बाई!" भाऊजी उडालेच. "त्यांना ते कच्च्या वयातलं वाटतं. उचललं आणि कच्च्या वयात ठेवलं."

वहिनींनी एक कोरी चिठ्ठी घेतली, पेन्सिलने भरली, उलटी करून टेबलावर ठेवली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.

*

"आधी एक साधी गोष्ट," वहिनी म्हणाल्या. "काल संध्याकाळी या मुलीने पत्रासोबत एक हिरवी पट्टी ठेवली. बोटभर बाहेर आलेली. पत्रासोबतच ती नाहीशी झाली. सकाळी ज्याने पत्र पाहिलं त्याने पट्टी पाहिलीच पाहिजे. मी तिघांनाही विचारलं, सोबत काही होतं का. तिघंही म्हणालात, काही नव्हतं."

तळटीपने नख तोंडातून काढलं.

"म्हणजे तिघांपैकी कोणीही आज पत्र पाहिलेलं नाही. तुम्ही तिघंही खोका उघडून रिकामं पाकीट बघून, ते बंद करून, शांतपणे निघून गेलात."

खोलीत शांतता पसरली. ती नियमानुसारच असल्यामुळे कोणी तिला हटकलं नाही.

"मला वाटलं, हिनेच लपवलं," सर अखेर म्हणाले. "परीक्षक बाईंना घाबरून. आणि... खरं सांगू? मला एक क्षण बरं वाटलं. सहाशे पानं बचावली म्हणून. मग बरं वाटल्याची लाज वाटली. मग काही बोलावंसंच वाटलं नाही."

"मला लाज वाटली नाही," तळटीप म्हणाला. "अर्थात आता वाटतेय."

"मला बघायचं होतं, ही मुलगी तीन वाजता माझ्यासमोर काय सांगते," परीक्षक बाई म्हणाल्या. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"असो. आता चिठ्ठ्या." वहिनींनी संशोधिकेची चुरगळलेली चिठ्ठी सरळ केली आणि सकाळच्या तीन चिठ्ठ्यांशेजारी ठेवली. "भाऊजी, कालचा आकडा?"

"दोनशे तेरा."

"आजचा?"

"दोनशे बा—" भाऊजींनी ब्रेक दाबला. "अरेच्चा!"

"सरांना खोका मिळाला तेव्हाच एक कागद कमी होता. चिठ्ठीवर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याखाली सरांची सही आहे, या दोघांच्याही आहेत. तुम्ही तिघंही संमती या विषयाचे जाणकार. तिघांनीही न वाचता सही केलीत."

सरांनी खाली पाहिलं. परीक्षक बाईंनी वर पाहिलं. तळटीपने चिठ्ठी हातात घेऊन आपली सही खरी आहे का, ते तपासलं.

"म्हणजे पत्र हललं ते काल पाच आणि आज नऊ दहा यांच्यामध्ये. त्या वेळात खोलीत कोण होतं? आठ वाजता एकच माणूस येतं. तेच माणूस दोनशे बारा मोजतं, काल दोनशे तेरा होते हे त्याला माहीत असतं, तरी ते ओरडत नाही, शोधत नाही, शांतपणे खरा आकडा लिहितं. कागद हरवला असता तर ते इतकं शांत राहिलं असतं? एकतीस वर्षांत ज्याने एक पेन आत येऊ दिलं नाही? कागद कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं, म्हणून. आणि ते माणूस आज एकदाही खोटं बोललेलं नाही. 'या खोलीतून एकही कागद बाहेर गेलेला नाही.'"

सगळ्यांच्या माना ग्रंथपाल बाईंकडे वळल्या.

"उरतं ते साल," वहिनी म्हणाल्या. "बाईंनी मला ते सांगितलं नाही. पण फोटो खिडकीच्या काचेला टेकवून काढलाय, आणि आमच्या भाऊजींनी त्यातला डाग पाहिल्या पाहिल्या ओळखला होता."

"बदक!" भाऊजी ओरडले.

"आवाज," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

"बदक," भाऊजी कुजबुजले.

"बदक एकाच वर्षाच्या कागदावर आहे." वहिनींनी उलटी ठेवलेली चिठ्ठी सुलटी केली. त्यावर लिहिलं होतं, खोका त्रेसष्ट.

ग्रंथपाल बाईंनी ती वाचली. मग आपला खण उघडून त्यांनी दुसरी चिठ्ठी काढली आणि शेजारी ठेवली. तीही खोका त्रेसष्टचीच होती. वाचकाच्या जागी संशोधिकेचं नाव बाईंच्या बारीक अक्षरात आधीच लिहिलेलं होतं. वेळ, पावणेतीन.

"पावणेतीनला मी देणारच होते," त्या म्हणाल्या. "खोका मोजून तयार आहे."

"पण का?" संशोधिका पुढे आली. "मला सकाळी सांगितलं का नाही?"

"हाक मारली होती. तू जिन्यात होतीस." बाईंनी पेन्सिल सरळ ठेवली. "दोन वर्षांपूर्वी पण सांगितलं होतं. म्हटलं, बाई गं, तो कागद एकदा उजेडात बघ. तू म्हणालीस, 'हो हो, नंतर.' मी नंतरची वाट बघत होते. आज पाहुण्यांसमोर तो खोका उघडायचा, वर माझ्या हाताने लिहिलेलं अठ्ठावन्न आणि आत त्रेसष्टचा कागद. मला नाही जमलं. म्हणून आल्या आल्या जागेवर ठेवला."

"आणि आम्ही आलो तेव्हा?" वहिनींनी विचारलं.

"तुम्ही विचारलंत, इथून काय गेलं. काही गेलं नव्हतं. मग ही तीन माणसं माझ्यासमोर बसून सांगू लागली, की सकाळी त्यांनी पत्र पाहिलं." बाईंच्या चेहऱ्यावर एकतीस वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी हललं. "म्हटलं, बघू तरी, शिकलेली माणसं कुठवर जातात."

खोका आला. हिरवी पट्टी बोटभर बाहेर आली होती. पत्र अगदी व्यवस्थित होतं.

संशोधिकेने ते हातात घेऊन खिडकीकडे धरलं. कागदाच्या पोटात बदक उभं होतं, मान वळवून, जणू कोणी हाक मारली म्हणून.

तिचे ओठ हलू लागले. भाऊजींना वाटलं ती रडतेय. पण ती वजाबाकी करत होती.

"पंचेचाळीसचा जन्म," ती म्हणाली. "त्रेसष्ट. अठरा. ती अठरा वर्षांची होती!" ती गर्रकन वळली. "शपथेचं वर्ष! त्याने पोरीला शपथ घ्यायच्या आधी लिहिलंय. तो विक्षिप्त नव्हता. तो नुसता बाप होता."

परीक्षक बाईंनी कागद मागून घेतला आणि बराच वेळ उजेडात धरला. एकदा तोंड उघडलं, बहुधा तटबंदीसाठी, आणि मिटलं.

"तीन वाजले," त्या म्हणाल्या. "चला वर."

दारापर्यंत गेलेली संशोधिका परत आली. टेबलापाशी तिचे पाय थांबले. आज पहिल्यांदाच ती एका जागी उभी होती.

"तुम्ही याल का वर? साल कसं ठरवलं ते मला सांगता येणार नाही. ते तुमचं आहे." मग घाईने, "यायलाच पाहिजे असं नाही. मी विचारतेय."

ग्रंथपाल बाईंनी आधी खोक्यांकडे पाहिलं, मग दाराकडे. "इथे कोण बसणार?"

सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी काही बोलायच्या आत सर म्हणाले, "मौन."

*

वहिनी मागे थांबल्या असत्या, पण त्यांना तटबंदीचं काय होतं ते ऐकायचं होतं. म्हणून तळघरात एकटे भाऊजी उरले. समोर चिठ्ठ्या, मागे सहासष्ट खोके, पाय जमिनीत रुतलेला.

वरून खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग परीक्षक बाईंचा, टोकदार. मग संशोधिकेचा, भरधाव. भाऊजींना वळणं ऐकू येत होती. एकदा ती फार जोरात गेली. एकदा थांबली, आणि थांबलेलीच राहिली, आणि भाऊजींच्या पोटरीत गोळा आला.

मग एक बारीक, कोरडा आवाज सुरू झाला. घंटा, किल्ली, मासा, बदक. तो मोठ्याने बोलत होता. पंधरा मिनिटं कोणी त्याला अडवलं नाही.

चार वाजता तळटीप खाली आला. निकालाचं विचारलं तर म्हणाला, "अर्थात—" आणि खोका अठ्ठावन्न मागितला. भाऊजींनी दोनशे बारा कागद दोनदा मोजले आणि चिठ्ठी पुढे केली. तळटीपने ती पूर्ण वाचली, मागची बाजूसुद्धा, आणि मग सही केली.

साडेचारला दार उघडलं. आधी ग्रंथपाल बाई आल्या, भाऊजींना खुर्चीतून उठवून आपल्या जागी बसल्या, आणि पहिली गोष्ट म्हणजे त्यांनी भाऊजींच्या बाह्या तपासल्या. मागून संशोधिका आली. तिच्या हातात पत्र होतं.

"परत करायचंय," ती म्हणाली.

बाईंनी चिठ्ठी पुढे सरकवली. ती चिठ्ठी तिने आधी वाचली. आकडा पाहिला. बाईंकडे पाहिलं. मग नाव लिहिलं. पुढचा रकाना पदाचा होता. सात वर्षं ती तिथे 'विद्यार्थिनी' असं लिहीत आली होती, आणि पेन्सिल सवयीने 'वि' पर्यंत गेलीसुद्धा.

"खोडरबर आहे," ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

संशोधिकेने 'वि' खोडला आणि त्या जागी, जपून, जणू कोणाच्या तरी नावाने सही करतेय असं वाटून, लिहिलं, 'डॉ.'

बाईंनी पत्र मोजलं. एक. खोक्यात ठेवलं, आणि हिरवी पट्टी काढून संशोधिकेच्या हातात दिली.

भाऊजींनी ब्रेकवरचा पाय उचलला.

जिन्यावर वहिनी हातात गाडीची किल्ली खुळखुळवत उभ्या होत्या.

"भाऊजी, मी चालवू?"

भाऊजींनी तोंड उघडलं. बदक, पट्टी, दोनशे बारा, सगळं एकदम डोळ्यांसमोरून गेलं, आणि शब्द सापडायला त्यांना जरासा उशीर झाला.

"मौन," वहिनी म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.